डेपोच्या जमिनीला भाव आला, चालकाचे काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या परिवहन मंत्र्यांनी कोलकात्यातील ट्राम बंद करण्याचा इरादा जाहीर केला. एस्प्लनेड ते मैदान एवढा एकच तुकडा 'वारसा' म्हणून हौशी प्रवाशांसाठी चालू राहील आणि इतर मार्गांवरील ट्रामला निरोप दिला जाईल, असे सांगण्यात आले. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट या मार्गावर घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम धावली होती. त्या घटनेला दीडशे वर्षे पूर्ण होऊन अद्याप दोन वर्षेही लोटली नव्हती.

या घोषणेनंतर वृत्तपत्रांचे रकाने हळहळीने भरून गेले. जुन्या शहराची शान गेली, प्रदूषणमुक्त वाहन गेले, चित्रपटांतून आणि कवितांतून दिसणारे कोलकाता गेले, असे पुष्कळांनी लिहिले. ही हळहळ खोटी नव्हती. शहरातील नागरिकांनी आणि ट्रामप्रेमी संघटनांनी रस्त्यावर आणि न्यायालयात जो आग्रह धरला, त्यामुळेच उच्च न्यायालयाला या प्रश्नात लक्ष घालावे लागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये रूळ डांबराखाली गाडण्याचे काम थांबविण्याचा आदेश निघाला. पण या सगळ्या चर्चेत एक माणूस जवळजवळ गैरहजर होता. ज्याने वीस-पंचवीस, काहींच्या बाबतीत तीस वर्षे त्या गाडीच्या पुढच्या टोकाला उभे राहून हँडल फिरविले, त्या चालकाचे पुढे काय होणार? गाडीला संग्रहालयात जागा मिळते. चालकाला कोठे मिळते?

हा प्रश्न एकट्या कोलकात्याचा नाही आणि एकट्या ट्रामचाही नाही. मुंबईच्या बेस्ट उपक्रमापासून राज्य परिवहनाच्या आगारांपर्यंत सार्वजनिक वाहतुकीचा प्रत्येक कामगार आज ना उद्या या प्रश्नासमोर उभा राहणार आहे. म्हणूनच कोलकात्यात काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, आणि त्यात कामगाराच्या वाट्याला काय आले, हे महाराष्ट्रातील कामगारांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कंपनीची मिळकत आणि कामगारांचा इतिहास

कलकत्ता ट्रामवेज कंपनी १८८० साली लंडनमध्ये नोंदविली गेली. १९०२ साली एस्प्लनेड-खिदिरपूर मार्गावर विजेची ट्राम सुरू झाली. भाडे कोलकात्याच्या प्रवाशाने भरायचे, घाम बंगाल-बिहार-संयुक्त प्रांतांतून आलेल्या कामगाराने गाळायचा, आणि लाभांश लंडनच्या भागधारकाने घ्यायचा, अशी ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. १९५३ च्या जुलै महिन्यात दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात एका पैशाची वाढ झाली, तेव्हा या व्यवस्थेविरुद्ध सारे शहर पेटून उठले. तो एक पैसा मोठा नव्हता. परंतु परदेशी कंपनीच्या तिजोरीसाठी गरीब प्रवाशाच्या खिशात हात घालण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, हा सवाल मोठा होता. महिनाभराच्या लढ्यानंतर सरकारला माघार घ्यावी लागली.

ट्राम कामगारांची संघटना या देशातील सर्वांत झुंजार संघटनांपैकी एक होती. १९४६ च्या ऑगस्टमध्ये शहर जातीय वणव्यात जळत असताना हिंदू आणि मुसलमान ट्राम कामगारांनी आपले ऐक्य टिकवून धरले. १९४७ च्या आरंभीचा त्यांचा प्रदीर्घ संप हे त्या ऐक्याचेच फळ होते. मोहम्मद इस्माईल यांच्यासारखे पुढारी या चळवळीतून घडले. पुढे १९६७ मध्ये कंपनीचे व्यवस्थापन राज्य सरकारने ताब्यात घेतले आणि १९७६ मध्ये साऱ्या मिळकतीसह कंपनी सरकारच्या मालकीची झाली.

ही मिळकत म्हणजे नुसत्या गाड्या आणि तारा नव्हत्या. बेलगाछिया, राजाबाजार, पार्क सर्कस, गडियाहाट, टालीगंज, काळीघाट, खिदिरपूर येथील डेपो, नोनापुकुरची कर्मशाळा, आणि शहराच्या ऐन मध्यावरील जमिनी सार्वजनिक मालकीच्या झाल्या. कामगारांनी आणि प्रवाशांनी लढून परदेशी कंपनीच्या हातून सोडविलेली ही संपत्ती होती, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना विसरता येणार नाही.

हप्त्याहप्त्याने आलेले मरण

एखादी गिरणी बंद होते तेव्हा फाटकावर नोटीस लागते, भोंगा थांबतो आणि कामगाराला कळते की आपल्यावर घाला पडला आहे. डेपो असा एका दिवसात बंद होत नाही. हावड्यातील ट्राम १९७०-७१ मध्ये संपली. १९९३ मध्ये हावडा पुलावरून ट्राम गेली. कोठे उड्डाणपुलाच्या कामासाठी, कोठे भुयारी रेल्वेच्या खोदकामासाठी मार्ग 'तात्पुरते' स्थगित झाले आणि त्यांतील बरेचसे कायमचे झाले. मे २०२० मधील अंफान वादळात तारा तुटल्या, आणि खिदिरपूरचा मार्ग, म्हणजे विजेच्या ट्रामचा शहरातील सर्वांत जुना मार्ग, त्यानंतर पूर्ववत झाला नाही.

या क्रमात एक शिस्त आहे. प्रथम नव्या गाड्या घेणे थांबते. मग रिक्त जागा भरणे थांबते. गाड्या जुन्या आणि माणसे कमी झाली की फेऱ्या विरळ होतात. फेऱ्या विरळ झाल्या की प्रवासी थांब्यावर उभा राहून कंटाळतो आणि दुसऱ्या वाहनाकडे वळतो. उत्पन्न घटते. मग हिशेबनीस आकडे मांडतो आणि मंत्री म्हणतात, 'पाहा, लोकांनाच ट्राम नको आहे!' ज्या रोग्याचे अन्न तोडले, त्याच्या अशक्तपणाचाच दाखला त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून दिला जातो.

निःपक्षपातीपणे पाहायचे तर हा दोष एकाच राजवटीच्या माथी मारता येत नाही. डाव्या आघाडीच्या काळात १९८५-८६ मध्ये विधाननगर आणि जोका येथपर्यंत नवे मार्ग टाकले गेले, ही तिच्या जमेची बाजू. परंतु हावडा पुलावरील ट्राम त्याच काळात गेली, आणि सार्वजनिक उपक्रमांच्या 'पुनर्रचने'साठी परकीय साहाय्य घेऊन लवकर निवृत्तीच्या योजना राबविण्याचे धोरणही त्याच काळात आले. २०११ नंतरच्या राजवटीने त्या उताराला वेग दिला. २०११-१२ मध्ये राज्यातील परिवहन उपक्रमांतील कामगारांचे वेतन आणि निवृत्तांचे निवृत्तिवेतन रखडले. सरकारी अनुदानाचा नळ बंद केला की पहिली झळ कोणाला लागते, हे तेव्हा उघड झाले. २०१६ मध्ये ट्राम कंपनी, कलकत्ता राज्य परिवहन महामंडळ आणि भूतल परिवहन महामंडळ यांचे एकत्रीकरण करून एकच पश्चिम बंगाल परिवहन महामंडळ करण्यात आले. एकत्रीकरणाचे समर्थन कार्यक्षमतेच्या नावाने करता येईल. पण ज्या कंपनीचे नावच ट्राम होते, तिच्या जागी आलेल्या महामंडळात ट्राम हा एक अडगळीचा विभाग झाला, हेही तितकेच खरे.

'कोणालाही कामावरून काढले नाही!'

डेपो बंद करताना राज्यकर्ते एक वाक्य ठरून बोलतात: 'एकाही कामगाराची नोकरी जाणार नाही.' हे वाक्य बहुधा अक्षरशः खरे असते आणि म्हणूनच ते फसवे असते. कायम कामगाराला काढले जात नाही. त्याची बदली होते.

बदली म्हणजे काय, हे परिवहन कामगारालाच ठाऊक. शहर जागे होण्यापूर्वी पहिली गाडी डेपोबाहेर काढावी लागते आणि शहर झोपल्यावर शेवटची गाडी आत आणावी लागते. ज्या वेळी चालकाने कामावर हजर व्हायचे, त्या वेळी त्याला नेणारे वाहन रस्त्यावर नसते, कारण ते वाहन त्यालाच काढायचे असते. म्हणून हा कामगार डेपोच्या पायी अंतरावर खोली शोधतो. मुलांची शाळा, किराण्याची उधारी, आजारपणातील शेजार हे सारे त्या डेपोभोवती उभे राहते. डेपो दहा-बारा किलोमीटर दूर गेला की आठ तासांची पाळी अकरा तासांची होते. वेतनपत्रकात या तीन तासांची नोंद कोठेही नसते.

ट्रामचालकाच्या बाबतीत याहून कठीण गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून रुळांवर धावणारे वाहन वगळलेले आहे. ट्रामसाठी स्वतंत्र कायदे आहेत. परिणामी तीस वर्षे कोलकात्याच्या गर्दीतून शेकडो टनांची ये-जा सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती बस चालविण्याचा परवाना असेलच असे नाही. त्याचे कसब खरे आहे. ओल्या रुळावर ब्रेक किती आधी लावायचा, वळणावर विजेचा प्रवाह केव्हा तोडायचा, रुळावर आडवा आलेला हातगाडीवाला किती सेकंदांत बाजूला होईल, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. परंतु या कसबाला देशात दुसरा मालक नाही, कारण कोलकात्याबाहेर भारतात कोठेही ट्राम उरलेली नाही. कापड गिरणीतील विणकर निदान भिवंडीच्या यंत्रमागावर जाऊ शकला, मग तेथे त्याची पिळवणूक झाली ही गोष्ट वेगळी. ट्रामचालकाला तीही वाट नाही. ट्राम कंपनीने १९९२ मध्ये स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या, तेव्हापासून ट्रामवरील माणसे बसकडे वळविण्यात आली. वयाच्या पन्नाशीत हातातले हँडल सुटून वाहकाचा गल्ला किंवा डेपोची राखण हाती येते, तेव्हा त्याचे मूळ वेतन शाबूत राहिले तरी जादा तासांचे पैसे जातात आणि कामगार म्हणून त्याची ओळखही जाते.

येथे कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १९७६ साली एक महत्त्वाचे प्रकरण घालण्यात आले. विशिष्ट संख्येहून अधिक कामगार असलेला उद्योग सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून बंद करता येणार नाही, असा त्याचा आशय. ही मर्यादा आधी तीनशे कामगारांची होती, पुढे शंभरावर आणली गेली. पण हे संरक्षण कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरतेच होते. वाहतूक त्यात नव्हतीच! बसचा किंवा ट्रामचा डेपो त्या व्याख्येत बसत नाही. वाहतूक कामगाराला उरतात ती साधी कलमे: बंद करण्यापूर्वी साठ दिवसांची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. आणि तीही केव्हा? उपक्रम बंद झाला तर! एक डेपो बंद करून माणसे दुसरीकडे पाठविली, तर कायद्याच्या दृष्टीने उपक्रम चालूच आहे. म्हणजे नोटीस नाही आणि भरपाईही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने हा अन्याय दूर केला नाही. पूर्वपरवानगीची मर्यादा शंभरावरून पुन्हा तीनशेवर नेली आणि वाहतूक कामगाराला त्या संरक्षणाच्या बाहेरच ठेवले.

शरीराचा हिशेब

चालकाच्या नोकरीचा हिशेब त्याच्या शरीरावर लिहिलेला असतो. कंबरेचे मणके, गुडघे, कान आणि डोळे ही त्याची खरी गुंतवणूक. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला लागतो. डेपो बंद झाल्यावर 'दुसरे काम' देताना प्रशासन पुन्हा तपासणी करते आणि कित्येक वर्षे कोणाला न दिसलेला दृष्टिदोष एकदम दिसू लागतो.

या बाबतीत तरी कायदा कामगाराच्या बाजूने उभा आहे, हे प्रत्येक परिवहन कामगाराने ध्यानात ठेवावे. अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यातील विसावे कलम सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरविता येत नाही. तो आपल्या जागेस अपात्र ठरला, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, आणि तसे काम नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. १९९५ च्या कायद्यातही हीच तरतूद होती. २०२५ मध्ये तेलंगणातील राज्य परिवहनाच्या एका चालकाला रंगांधळेपणाच्या कारणावरून सेवेबाहेर काढल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने पर्यायी काम शोधण्याची जबाबदारी महामंडळाचीच असल्याचे बजावले. अर्थात हा हक्क कायम कामगारालाच बजावता येतो. ज्याच्या नेमणुकीवर कंत्राटदाराचा शिक्का आहे, त्याची तक्रार डेपोच्या फाटकाच्या आतही येत नाही.

कंत्राटदाराची गाडी, कंत्राटदाराचा माणूस

डेपो बंद होण्यामागे आज एक नवीन रीत आली आहे. सार्वजनिक उपक्रमाने स्वतःच्या गाड्या घ्यावयाच्या नाहीत. खासगी कंपनीच्या गाड्या दर किलोमीटरमागे ठरलेल्या मोबदल्याने चालवायच्या. गाडी कंपनीची, चालकही कंपनीचा. महामंडळाचा उरतो तो फक्त रंग आणि क्रमांक.

मुंबईकरांना ही रीत परिचयाची आहे. बेस्टमध्ये भाडेतत्त्वावरील गाड्यांचे धोरण आले, तेव्हा २०१९ च्या जूनमधील समझोत्यात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखण्याचे मान्य करण्यात आले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत बेस्ट कामगारांनी नऊ दिवसांचा संप करून प्रशासनाला जाग आणली होती. पण २०२४ संपेपर्यंत स्वमालकीचा ताफा त्या आकड्याच्या एक तृतीयांशाच्याही खाली घसरला. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या चालकांनीच काम बंद केले, तेव्हा प्रवाशांना प्रथमच कळले की एकाच क्रमांकाच्या, एकाच रंगाच्या गाडीवर, एकाच मार्गावर, दोन वेगवेगळ्या वेतनांची माणसे बसलेली आहेत.

जुन्या चालकाचे आणि नव्या चालकाचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, असे भासविण्यात मालकाचा फायदा असतो. वस्तुस्थिती उलट आहे. नव्या चालकाचे वेतन जितके खाली जाते, तितकी जुन्या चालकाच्या जागेची किंमत प्रशासनाला 'परवडेनाशी' होते. आणि जुन्या चालकाची जागा नाहीशी होते, तेव्हा नव्याला वर चढायला पायरीच उरत नाही.

वृद्धापकाळाच्या बाबतीत हा फरक सर्वांत क्रूर रूपाने दिसतो. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आणि किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरविले गेले. वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे, हे तिचे सूत्र. म्हणजे कमाल मर्यादेइतक्या वेतनावर पस्तीस वर्षे अखंड सेवा झाली तर महिना ७,५०० रुपये. दहा वर्षे झाली तर २,१५० रुपयांच्याही आत. आणि दहा वर्षे भरलीच नाहीत तर मासिक निवृत्तिवेतन नाहीच! दर काही वर्षांनी कंत्राटदार बदलतो, कागदपत्रे हरवतात, नोंदी जुळत नाहीत. अशा चालकाची दहा वर्षे कागदावर पुरी होणे हेच एक दिव्य ठरते.

सरकारी सेवेतून सुटलेला कोलकात्याचा चालक खासगी बसवर गेला तर तेथे त्याला बहुधा पगार मिळत नाही. तिकिटांच्या विक्रीतील हिस्सा मिळतो. रस्त्यावर दोन बसगाड्या एकमेकींना गाठण्यासाठी जिवावर उदार होऊन धावतात, त्याचे कारण चालकांच्या स्वभावात शोधू नये. पुढच्या थांब्यावरील चार प्रवासी ज्याला आधी मिळतील, त्याच्याच घरी त्या रात्री भात शिजणार, अशी ही वेतनपद्धती आहे. तीस वर्षे वेळापत्रकाप्रमाणे गाडी चालविण्याचे वळण पडलेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर या शर्यतीत उतरविणे, याला पुनर्वसन म्हणता येणार नाही.

तोटा कोणाचा, जमीन कोणाची?

ट्राम बंद करण्याच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. पहिला गर्दीचा. कोलकात्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी जेमतेम सहा टक्के भाग रस्त्यांखाली आहे. तेथे संथ ट्राम वाहतूक अडविते, असे सांगितले जाते. आकडा मान्य केला तरी निष्कर्ष मान्य करता येत नाही. रस्ता इतका तुटपुंजा असेल, तर त्यावर पहिला हक्क त्या वाहनाचा, जे कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसे नेते. रस्ता अडतो तो एका माणसाला घेऊन जाणाऱ्या मोटारींच्या रांगेने. ट्रामला पूर्वी अनेक रस्त्यांवर स्वतंत्र मार्ग होते. ते मोटारींसाठी खुले केले गेले आणि मग त्याच मोटारींत अडकलेल्या ट्रामला संथपणाबद्दल दोष देण्यात आला.

दुसरा युक्तिवाद तोट्याचा. शाळेतील मूल, घरकाम करणारी बाई, फेरीवाला यांना परवडेल असे भाडे सरकारच ठरविते. त्या भाड्यात खर्च भागत नाही हे सरकारला ठाऊक असते. मग येणारी तूट ही सामाजिक सेवेची किंमत असते. तिला चालकाच्या पगाराचा 'बोजा' म्हणणे म्हणजे दिव्यातल्या तेलाला अंधाराचे कारण ठरविण्यासारखे आहे.

आणि हा तोटा असह्य होतो, त्याच वेळी जमिनीचा भाव चढलेला असतो, हा योगायोग समजायचा काय? २०११ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच राज्य सरकारने टालीगंज, बेलगाछिया, खिदिरपूर यांसारख्या ट्राम डेपोंमधील 'अतिरिक्त' जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचे ठरविले, आणि टालीगंजची जमीन खासगी बांधकाम व्यवसायाकडे गेली. जमीन अतिरिक्त केव्हा होते? गाड्या कमी केल्यावर! गाड्या कमी का केल्या? पैसा नाही म्हणून! आणि जमीन विकून आलेल्या पैशातून नव्या ट्रामगाड्या आल्या का? दहा वर्षांनंतर ट्रामच बंद करण्याची घोषणा झाली, यातच त्याचे उत्तर आहे.

गिरणगावातील माणसाला ही कहाणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा महापालिकेला आणि तिसरा हिस्सा गृहनिर्माणाला देण्याचे ठरविले. २००१ मध्ये नियम बदलून तो वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता केला गेला. गिरणी बंद पडली, पण गिरणीची जमीन कधी बंद पडली नाही. डेपोच्या बाबतीत तर जमीन खासगी मालकाची नाही, जनतेची आहे. म्हणून तेथे लूट अधिक सोपी आहे आणि अधिक लाजिरवाणीही आहे.

याउलट उदाहरणही मुंबईनेच घालून दिले आहे. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. त्या वेळी बेस्टचा बसताफा वाढत होता, आणि बससेवा व ट्रामसेवा एकाच सार्वजनिक उपक्रमाच्या हाती होती. एक वाहन गेले, तरी सार्वजनिक वाहतूक गेली नाही. वाहन बदलण्याला कामगारांचा विरोध असण्याचे कारण नाही; विजेवर चालणारी बस आली तर प्रथम त्याच्याच फुप्फुसाला आराम मिळेल. प्रश्न एवढाच की बदलाची किंमत कोणी द्यायची.

कोणत्या मागण्या?

भांडवलशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या अमेरिकेत १९६४ साली नागरी वाहतुकीला केंद्रीय साहाय्य देणारा कायदा झाला. त्यात कामगार संघटनांनी एक कलम घालून घेतले: ज्या वाहतूक संस्थेला हे साहाय्य हवे, तिने चालू कामगारांचे करारातील हक्क राखले पाहिजेत, त्यांची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होऊ देता कामा नये, काम गेलेल्याला पुन्हा कामावर घेण्यात अग्रक्रम दिला पाहिजे आणि प्रशिक्षणाचा खर्च सोसला पाहिजे. ही अट आजही तेथील कायद्यात आहे. भारतात केंद्र सरकारने २००९ पासून शहरांना बसगाड्यांसाठी साहाय्य दिले. २०२३ मध्ये तर दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना जाहीर केली. परंतु येथे असे कोणतेही वैधानिक संरक्षण नाही. अमेरिकी कामगाराला साठ वर्षांपूर्वी जे मिळाले, ते भारतीय कामगाराने मागणे ही काही स्वप्नरंजनाची गोष्ट नव्हे.

तेव्हा परिवहन कामगारांच्या सर्व संघटनांनी, झेंड्यांचे रंग बाजूला ठेवून, काही मुद्द्यांवर एकत्र यावे लागेल. डेपो किंवा मार्ग बंद करण्यापूर्वी संघटनांशी लेखी करार झालाच पाहिजे, आणि पूर्वपरवानगीचे संरक्षण वाहतूक उपक्रमांनाही लागू झाले पाहिजे. बदली झालेल्या कामगाराची सेवाज्येष्ठता आणि सरासरी मिळकत अबाधित राहिली पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या पाळीसाठी ने-आण करण्याची सोय उपक्रमाने केली पाहिजे. ट्रामचालकाला भरपगारी प्रशिक्षण देऊन बसचा परवाना मिळवून देण्याची जबाबदारी उपक्रमाचीच असली पाहिजे, आणि विजेच्या नव्या गाड्यांवर पहिला हक्क जुन्या चालकांचा राहिला पाहिजे. समान मार्गावर समान वेतन हे तत्त्व कंत्राटाच्या अटींतच लिहिले गेले पाहिजे. आणि डेपोच्या जमिनीतून एक रुपया जरी मिळाला, तरी त्यातून प्रथम निवृत्तांची उपदाने आणि थकलेली देणी चुकती झाली पाहिजेत व उरलेल्यातून गाड्या घेतल्या पाहिजेत. १९७२ च्या उपदान कायद्याने ही रक्कम तीस दिवसांत देण्याची सक्ती केली होती. सरकारी उपक्रमच जर कायदा मोडू लागला, तर खासगी मालकाला जाब कोणी विचारायचा?

या मागण्या एकट्या चालकांच्या बळावर पुऱ्या होणार नाहीत. १९५३ साली भाड्यातील एका पैशासाठी प्रवासी रस्त्यावर आला, तेव्हा सरकारला माघार घ्यावी लागली, कारण त्या दिवसांत गाडीत बसणारा आणि गाडी चालविणारा यांच्यामध्ये भिंत उभी नव्हती. आज ती भिंत उभी करण्यात आली आहे. संप झाला की प्रवाशाला चालक शत्रू वाटतो, आणि बस आली नाही की प्रवाशाच्या शिव्या वाहकाला खाव्या लागतात. ट्राम वाचविण्यासाठी न्यायालयात जाणाऱ्या नागरिकांनी चालकाचा प्रश्न आपल्या मागणीपत्रात घालावा; कामगार संघटनांनी फेऱ्यांची संख्या आणि भाड्याचा दर हे प्रवाशांचे प्रश्न आपल्या मागणीपत्रात घालावेत. ही दोन मागणीपत्रे एक झाली, तर डेपोच्या फाटकावर बिल्डरचा फलक लावणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही. तोपर्यंत कोलकात्याच्या चालकावर जी वेळ आली, तीच उद्या मुंबईच्या आणि परवा लहानशा तालुक्याच्या आगारातील चालकावर येणार आहे, याची खूणगाठ महाराष्ट्रातील कामगारांनी बांधून ठेवावी.